लुकिंग फॉरवर्ड टू ‘मीट’ की ‘मीटिंग’?

ओली_चिंच

परवा ऑफिसात एक प्रकार झाला. परदेशातल्या एका ग्राहकाला मेल लिहीत होते. शेवटी गेली नऊ वर्षं जे लिहितेय तेच लिहिलं, ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. नवी टीम लीड शेजारी उभी होती. तिनं एक अक्षर न बोलता माझ्या कीबोर्डवर हात घातला, ‘मीट’ला ‘इंग’चं शेपूट लावलं, आणि ‘आता पाठव’ म्हणून चहाला निघून गेली. मागोमाग जाऊन विचारलं, असं का गं? तर म्हणे, ‘अगं, तसंच असतं.’

तसंच असतं म्हटल्यावर मला झोप लागत नाही. मी मराठी माध्यमातली. पाचवीपासून बाईंनी घोकून घेतलंय की ‘टू’च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप. टू गो, टू ईट, टू स्लीप. मग इथंच ‘मीटिंग’ कुठून उगवलं? बरं, मधल्या ‘फॉरवर्ड’मुळे होत असेल म्हणावं, तर ‘शी सेट आउट टू प्रूव्ह’ यात ‘आउट’ आहे, तरी ‘प्रूव्हिंग’ होत नाही. ‘इट टर्न्ड आउट टू बी फेक’, इथंही नाही. मधे असं एक लुडबुडं आलं की पुढचा ‘टू’ कधी असा वागतो, कधी तसा. यात काही नियम आहे की नुसतं पाठांतर?

जाणकारांनी मराठीत सांगावं. इंग्रजीतली स्पष्टीकरणं वाचून झाली आहेत, त्यांनीच डोकं जास्त फिरलंय.

हापूस_पेटी

पाठांतर. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ला इंग, ‘यूज्ड टू’ला इंग, बाकी सगळ्यांना मूळ रूप. संपला धागा. झोपा आता.

ओली_चिंच

‘आय यूज्ड टू लिव्ह इन सातारा’ला कुठंय इंग, काका?

हापूस_पेटी

ते दुसरं ‘यूज्ड टू’. मीच झोपतो.

पाटी_आणि_खडू

चौतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, तेव्हा तोंड उघडायला हरकत नसावी. चिंचताई, तुमच्या बाईंनी चुकीचं नाही शिकवलं, अर्धं शिकवलं. आम्हीही अर्धंच शिकवायचो. पेपरात तेवढंच यायचं.

‘टू’ नावाचे दोन जुळे भाऊ आहेत असं समजा. एक नामाच्या आधी उभा राहतो: टू पुणे, टू मी, टू द स्टेशन. दुसरा क्रियापदाच्या आधी: टू गो, टू ईट. पहिल्याला पुढे नामच लागतं. तिथं क्रियापद बसवायचंच झालं तर त्याला आधी नामाचे कपडे चढवावे लागतात, आणि ते कपडे म्हणजे ‘इंग’. ‘मीट’ म्हणजे भेटणं ही क्रिया, ‘मीटिंग यू’ म्हणजे तुमची भेट. दुसऱ्याला असले नखरे नाहीत, त्याला उघडं क्रियापद चालतं.

आता तुमचं लुडबुडं. फॉरवर्ड, आउट, अप, डाउन, इन, ऑन, ऑफ, अवे, बॅक, थ्रू. याला पार्टिकल म्हणतात. जातीनं हे क्रियाविशेषण, पण क्रियापदाच्या पाठीला असं चिकटतं की दोघांचा मिळून नवाच अर्थ होतो. महत्त्वाचं हे की याची सोयरीक मागच्या क्रियापदाशी आहे, पुढच्या ‘टू’शी नाही. वाक्य तोडायचं तर ‘लुक फॉरवर्ड’ इथं तोडा, मग ‘टू मीटिंग यू’. ‘सेट आउट’ इथं तोडा, मग ‘टू प्रूव्ह’. मधल्या शब्दावरून ‘टू’ची जात ठरवायला गेलात की फसलात.

मग ठरवायची कशी? ‘टू’च्या पुढचं सगळं पुसा आणि तिथं ‘इट’ (‘ते’ या अर्थाचं, खाण्याचं ‘ईट’ नव्हे) किंवा एखादं साधं नाम ठेवा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ हे रोज कानावर येतं. म्हणजे हा नामवाला, इंग लावा. ‘शी सेट आउट टू इट’? ‘इट टर्न्ड आउट टू इट’? भातात खडा लागल्यासारखं होतं. म्हणजे हा क्रियापदवाला, मूळ रूप ठेवा.

हापूसराव, जागे असाल तर: ‘आय ॲम यूज्ड टू इट’ चालतं, म्हणून ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’, मला लवकर उठायची सवय आहे. ‘आय यूज्ड टू इट’ चालत नाही, म्हणून ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’, मी पूर्वी लवकर उठायचो. निवृत्तीनंतर माझं पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर आलं.

हीच चाचणी या चार जणांना लावून बघा. गेट डाउन टू (खरोखर कामाला हात घालणे), ओन अप टू (आपलं कृत्य कबूल करणे), फील अप टू (अंगात तेवढं त्राण असणे), गेट अराउंड टू (एकदाची सवड होणे). चौघांपुढे ‘इट’ बिनबोभाट बसतं. चौघांना इंग.

ओली_चिंच

सर!! नऊ वर्षं!! ‘इट’ची युक्ती चिकटपट्टीवर लिहून मॉनिटरला लावली आहे.

त्रिज्या

युक्ती छान, पण भोक आहे. ‘ही वेंट ऑन टू द नेक्स्ट पेज’ चालतं, म्हणजे नाम बसतं. सरांच्या हिशेबानं पुढे क्रियापद आलं की ‘वेंट ऑन टू विनिंग’ व्हायला हवं. पण सगळं जग ‘वेंट ऑन टू विन’ म्हणतं. ‘अग्री टू’चंही तसंच. ‘आय अग्रीड टू इट’ बरोबर, आणि ‘आय अग्रीड टू पे’ हेही बरोबर.

पाटी_आणि_खडू

पकडलंत. वर्गात असतात तर पुढच्या बाकावर बसवलं असतं (की मागच्या, ते तेव्हाच्या मूडवर).

युक्ती एका बाजूनं पक्की आहे, दुसऱ्या बाजूनं सैल. नाम बसलंच नाही तर मूळ रूप, इथं ती सहसा दगा देत नाही. नाम बसलं तर बहुतेक वेळा इंग, पण काही क्रियापदं दोन्ही भावांना घरात घेतात. ‘गो ऑन’ आणि ‘अग्री’ त्यातली. त्यामुळे दुसऱ्या बाजूला कोश उघडून उदाहरण बघावं लागतं.

‘गो ऑन’ काढलंतच तर त्याची खरी गंमत ‘टू’ असण्या-नसण्यात आहे. ‘ही वेंट ऑन टॉकिंग’ म्हणजे तो बोलतच सुटला. ‘ही वेंट ऑन टू टॉक अबाउट द बजेट’ म्हणजे आधी दुसरं काही झालं, मग तो बजेटकडे वळला. सचिन १९८९मध्ये कसोटीत उतरला ‘अँड वेंट ऑन टू स्कोअर १०० इंटरनॅशनल सेंच्युरीज’: पुढे जाऊन शंभर शतकं केली. ‘वेंट ऑन स्कोअरिंग’ म्हणजे काढतच राहिला. त्याच्या बाबतीत दोन्ही खरं आहे, पण वाक्यं दोन आहेत.

अनुस्वार

चूक कुठली ते कळलं. ती नेमकी आपणच एवढी का करतो ते कुणी बोललं नाही.

मराठीत बघा. ‘तुम्हाला भेटायला उत्सुक आहे.’ ‘तो मला भेटायला आला.’ दोन्हीकडे ‘भेटायला’. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘टू मीटिंग’, दुसऱ्या ठिकाणी ‘टू मीट’. मराठी डोक्यात या दोन खणांच्या मधे भिंतच नाही. त्यामुळे डोक्यातून ‘भेटायला’ निघतं आणि बोटांतून ‘टू मीट’ उतरतं. चिंचताईंची चूक इंग्रजीतली असली तरी तिचं माहेर मराठी आहे.

आणखी एक. ‘भेटायला’तला ‘ला’ हा ‘मला’, ‘घराला’ यातलाच ‘ला’. म्हणजे आपल्या ‘ला’लाही दोन नोकऱ्या आहेत. फरक एवढाच, की आपण क्रियापदाला ‘ला’ लावण्याआधी त्याचं कृदन्त करतो. नुसतं ‘भेटला’ म्हटलं तर भलतंच होईल, ‘भेटाय’ करावं लागतं. इंग्रजीतही हजार वर्षांपूर्वी असंच चालायचं. जुन्या इंग्रजीत ‘टू’च्या पुढचं क्रियापद नामासारखी चतुर्थी घ्यायचं. ‘टो डोन्ने’ म्हणत, म्हणजे जवळजवळ ‘करण्याला’. पुढे शेपूट झिजत गेलं आणि ‘टू डू’ उरलं. तेव्हा सर, राग नसावा, पण हे जुळे भाऊ नाहीत. एकच गृहस्थ आहे. हजार वर्षांत त्यानं दुसरी नोकरी धरली आणि तिथं गणवेश ढिला झाला.

पाटी_आणि_खडू

राग कसला! जुळे भाऊ हे आठवीच्या वर्गासाठी. तुमचं बारावीसाठी.

अनुस्वार

पार्टिकलही आपल्याला अगदी परका नाही. ‘तो वर गेला’ आणि ‘तो माडीवर गेला’. पहिल्यात ‘वर’ क्रियाविशेषण, दुसऱ्यात शब्दयोगी. शब्द तोच, पण आपल्याकडे शब्दयोगी नामाला चिकटून लिहितात म्हणून डोळ्यांनाच फरक दिसतो. इंग्रजीत ‘ही वेंट अप’ आणि ‘ही वेंट अप द स्टेअर्स’ दोन्हीकडे ‘अप’ सुटाच लिहितात, आणि ओळखायचं काम वाचणाऱ्याच्या गळ्यात.

मात्र क्रियेचा रंग बदलायला इंग्रजी जिथं पार्टिकल वापरते तिथं मराठी बहुतेक वेळा दुसरं क्रियापद जोडते. ड्रिंक अप: पिऊन टाक. थ्रो अवे: फेकून दे. राइट डाउन: लिहून घे. गो अवे: निघून जा. टेअर अप: फाडून टाक. इंग्रजीतल्या ‘अप’मध्ये वर जाण्याचा जेवढा संबंध उरलाय तेवढाच आपल्या ‘टाक’मध्ये टाकण्याचा. चहा पिऊन टाक म्हटल्यावर कुणी ओतून टाकत नाही.

आणि एक जोडी तर अशी जुळते की मी बघतच राहिले. ‘टेक इट आउट ऑन समवन’, एकाचा राग दुसऱ्यावर. ‘टेक आउट’ म्हणजे काढणे, ‘ऑन’ म्हणजे वर. आपण काय म्हणतो? वड्याचं तेल वांग्यावर काढलं. पार्टिकल, प्रिपोझिशन (म्हणजे नामाआधी येणारं इंग्रजी शब्दयोगी) सगळं जागच्या जागी, वर फोडणीसुद्धा.

हापूस_पेटी

वांग्याच्या उल्लेखामुळे जागा झालो. हा धागा जमलाय.

खुर्ची_क्रमांक_७

मराठी संस्थळावर इंग्रजीचे वर्ग कशाला? आपल्या पोरांना ‘आणि’ आणि ‘अणी’तला फरक कळत नाही, तिकडे बघा.

ओली_चिंच

मराठीतच विचारलंय आणि मराठीतच उत्तरं आली. ‘भेटायला’तला ‘ला’ मला आज या धाग्यामुळे दिसला. तुमचा धागा काढा, तिथंही येते.

नेवार्कचे_नाना

आमच्या घरी या विषयातला अंतिम अधिकार चार वर्षांच्या नातीकडे आहे. मी म्हणालो, ‘कम, आय विल पिक अप यू.’ ती म्हणाली, ‘नो आजोबा, पिक मी अप!’ मला वाटलं लाडात बोलतेय. मग लक्षात आलं की ती व्याकरण शिकवतेय.

नाम असेल तर दोन्ही चालतं: पिक अप द बॅग, पिक द बॅग अप. पण मी, यू, हिम, इट असं सर्वनाम असेल तर ते मधेच कोंबायचं. पिक इट अप, थ्रो इट अवे, टर्न इट ऑफ. बाहेर ठेवलं की लगेच कळतं, हा माणूस पुस्तकातून शिकलाय. पण हे पार्टिकल असेल तरच. प्रिपोझिशन असेल तर उलट: ‘लुक आफ्टर इट’, कधीच ‘लुक इट आफ्टर’ नाही.

सुनेनं (ती शाळेत शिकवते) एक जोडी सांगितली. ‘ही रॅन अप अ बिल’ (त्यानं बिल वाढवून ठेवलं) आणि ‘ही रॅन अप अ हिल’ (तो टेकडीवर धावत गेला). अक्षराचा फरक. आता बिल आणि हिल काढून ‘इट’ घाला. बिलाचं होतं ‘रॅन इट अप’, टेकडीचं होतं ‘रॅन अप इट’. पहिला ‘अप’ पार्टिकल, दुसरा प्रिपोझिशन. परत तेच ‘इट’! सरांची चिकटपट्टी इथंही लावा.

तीन तुकड्यांचं असेल तर, म्हणजे क्रियापद, पार्टिकल आणि वर प्रिपोझिशन, तर सर्वनाम शेवटी. पुट अप विथ इट, लुक अप टू हिम. ‘लुक हिम अप’ म्हटलंत तर आदर ठेवायच्या ऐवजी त्याचं नाव यादीत शोधाल.

आवाजाचंही बघा. पार्टिकलवर जोर येतो, प्रिपोझिशन गिळली जाते. ‘पिक इट अप’मध्ये ‘अप’ ठणकावून. ‘लुक ॲट इट’मध्ये ‘ॲट’ ऐकूही येत नाही. आपण मराठी माणसं सगळ्या शब्दांवर सारखाच जोर देतो, पंगतीत सगळ्यांना सारखं वाढल्यासारखं. इथल्या लोकांना त्यामुळे पार्टिकल सापडत नाही.

राइनकाठ

जर्मनीतून हजेरी. इंग्रजी परवडली म्हणाल. जर्मनमध्ये मूळ रूपात पार्टिकल क्रियापदाच्या डोक्यावर बसतो: ‘आउफश्टेहेन’, म्हणजे उठणे. वाक्यात आला की उडी मारून थेट शेवटी: ‘इश श्टेहं उम झेक्स आउफ’, मी सहाला उठतो. आणि जिथं इंग्रजी ‘टू’ लावते तिथं जर्मन ‘त्सु’ या दोघांच्या मधे शिरतो: ‘आउफत्सुश्टेहेन’. आउफ, त्सु, श्टेहेन, एकच शब्द. म्हणजे ‘टू गेट अप’ ऐवजी ‘अप-टू-गेट’ म्हटल्यासारखं. पुण्यात जर्मनच्या वर्गात हा धडा आला त्या आठवड्यात आमच्या बॅचची निम्मी गळती झाली होती.

अनुस्वार

संस्कृतवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. उपसर्ग धातूचा अर्थ बळानं दुसरीकडे नेतो म्हणतात ना, प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. एकच ‘हृ’, पाच दिशांना. आणि वेदांत हे उपसर्ग क्रियापदापासून सुटे, मधे दुसरे शब्द ठेवूनही येतात. पुढे संस्कृतात ते कायमचे चिकटले. इंग्रजीत पार्टिकल मागच्या बाजूला गेला आणि सुटाच राहिला.

बग_की_फीचर

मी सॉफ्टवेअरवाला, आमचं दुखणं रिकाम्या जागेचं. रोज कुणीतरी बटणावर ‘लॉगिन’ लिहितं, कुणी ‘लॉग इन’. आमच्या कंपनीत यावर एकदा पाऊण तास बैठक झाली. उत्तर असं आहे: ‘लॉग इन’ हे क्रियापद अधिक पार्टिकल, दोन शब्द. ‘लॉगिन’ एक शब्द, ते नाम. बटण दाबून कृती होते, म्हणून बटणावर दोन शब्द हवेत. ‘साइन अप’, ‘चेक आउट’, ‘बॅक अप’ सगळ्यांचं तेच. भूतकाळ करून बघा: ‘लॉग्ड इन’ होतं, ‘लॉगिन्ड’ होत नाही.

त्याहून वाईट ‘इन टू’ आणि ‘इनटू’. पार्टिकल ‘इन’ आणि त्याच्या पुढचा ‘टू’ शेजारी आले म्हणून लगेच लग्न लावायचं नसतं. ‘शी टर्न्ड हर फॉर्म इन टू द क्लार्क’: तिनं क्लार्ककडे फॉर्म जमा केला. जोडून ‘इनटू’ लिहिलंत तर तिनं फॉर्मचा क्लार्क केला! जुना विनोद आहेच, जादूगार रस्त्यानं चालला होता आणि एकदम गल्लीत ‘टर्न’ झाला. ‘ही केम इन टू सी मी’मध्ये तर जोडायचा प्रश्नच नाही, तिथला ‘टू’ ‘सी’चा आहे. ‘ऑन टू’चं तसंच. वर सचिन ‘वेंट ऑन टू स्कोअर’, तिथं ‘ऑनटू’ लिहिणं म्हणजे त्याला स्कोअरबोर्डावर चढवणं.

त्रिज्या

आणि ‘अपटू’? दर सेलला लक्ष्मी रोडवर दिसतं. ५० टक्के हे कलिंगडाएवढं, ‘अपटू’ तिळाएवढं.

बग_की_फीचर

इंग्रजीत ते दोनच शब्द, अप टू. जोडून लिहायची रीत आपल्या देशी पाट्यांची. तिळाएवढं असल्यामुळे जागा सोडायला जागा नसेल.

कर्जत_लोकल

अप-डाउनवरून आठवलं. ‘मी कर्जतहून अप-डाउन करतो’ हे अस्सल मराठी वाक्य आहे, यात इंग्रजी काय उरलंय! रेल्वेत मुंबईच्या दिशेनं जाणारी ती अप, मुंबईकडून निघालेली डाउन. म्हणजे कर्जतहून कामाला जाताना मी अप जातो आणि थकून डाउन येतो. ब्रिटनमध्ये लंडनकडची ती अप. आमचे एक जुने गार्डसाहेब सांगायचे, ‘अप’ म्हणजे जिथं साहेब बसतो ती दिशा.

ओली_चिंच

आणखी एक विचारते. तीच टीम लीड परवा मीटिंगमध्ये म्हणाली, ‘वी हॅव टू कोप अप विथ द प्रेशर.’ हे बरोबर आहे का? (उत्तर तिला दाखवणार नाही. कदाचित.)

पाटी_आणि_खडू

नाही. ‘कोप विथ’ एवढंच. ‘अप’ आपण घातला. का घातला हे समजण्यासारखं आहे: कीप अप विथ, पुट अप विथ, कॅच अप विथ, कम अप विथ, सगळे ‘अप विथ’वाले शेजारी. बिचारं ‘कोप’ एकटं दिसलं म्हणून त्यालाही ओळीत उभं केलं. ‘रिटर्न बॅक’चा ‘बॅक’ असाच फुकटचा, ‘डिस्कस अबाउट’चा ‘अबाउट’ही.

आणि यात आपण एकटे नाही. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सननं इंग्रजीचा कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यानंच लिहून ठेवलंय की क्रियापदामागे असा पार्टिकल लावून अर्थ फिरवायची आमची जी खोड आहे तिचा परक्यांना सगळ्यांत जास्त त्रास होतो. म्हणून त्यानं सेट ऑफ, सेट इन, सेट आउट अशी क्रियापदं मुद्दाम काळजीनं टिपली. या प्रकाराला आपण आज ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतो ते नाव मात्र फार अलीकडचं. १९२५मध्ये लेखक लोगन पिअर्सॉल स्मिथनं ते रूढ केलं. त्याला ते सुचवलं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. म्हणजे दुखणं आधी, नाव पावणेदोनशे वर्षांनी.

अनुस्वार

एक मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तो ‘इंग’पेक्षा मोठा आहे. आपण मुलाखतीत म्हणतो, ‘प्लीज गिव्ह मी अ चेअर टू सिट’, ‘अ पेन टू राइट’. दोन्ही लंगडी. ‘टू सिट ऑन’, ‘टू राइट विथ’, आणि राहायला घर असेल तर ‘अ हाउस टू लिव्ह इन’. परत माहेर मराठी: ‘बसायला खुर्ची’, ‘लिहायला पेन’, ‘राहायला घर’. कुठेही ‘वर’, ‘ने’, ‘आत’ म्हणावं लागत नाही, खुर्ची म्हटली की वर बसणं आलंच. इंग्रजीला ते शेवटी सांगावंच लागतं. आणि जिथं आधीच पार्टिकल आहे तिथं शेपटाला शेपूट येतं. ‘समवन टू लुक अप टू’: पहिला ‘टू’ क्रियापदाचा, मधे पार्टिकल, शेवटचा ‘टू’ नामाचा. ‘समथिंग टू लुक फॉरवर्ड टू’ तसंच. चार-पाच शब्दांत सरांचे दोन्ही भाऊ हजर, आणि एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत.

पाटी_आणि_खडू

आम्हाला शाळेत सांगायचे, वाक्य प्रिपोझिशनवर संपवू नये. ही कुरकुर १७व्या शतकात कवी ड्रायडननं केलेली, आधीच्या पिढीच्या नाटककार बेन जॉन्सनवर (कोशवाला जॉन्सन वेगळा) बोट ठेवून. मग १७६२मध्ये बिशप लाउथनं व्याकरण लिहिलं आणि म्हटलं की वाक्य असं संपवण्याकडे आमच्या भाषेची जबर ओढ आहे, आणि ते वाक्य स्वतःच ‘टू’वर संपवलं. चेष्टेत की सवयीनं, देव जाणे. चर्चिलच्या नावावर खपणारा ‘अप विथ व्हिच आय विल नॉट पुट’ हा विनोद चर्चिलचा असेलच असं नाही, पण मुद्दा नेमका आहे. ‘पुट अप विथ’मधला ‘अप’ पार्टिकल. तो क्रियापदापासून ओढून पुढे आणला की वाक्य कण्हायला लागतं. नुसता ‘विथ’ पुढे आणला असता तर फक्त अवघडलं असतं.

वर्गाच्या शेवटच्या तासाला मी फळ्यावर एक वाक्य लिहायचो. जुनंच आहे, कुणी रचलं कुणास ठाऊक. मुलगा माडीवर झोपायला गेलाय. बाप खालून पुस्तक घेऊन येतो, आणि तेही नावडतं. मुलगा म्हणतो:

‘व्हॉट डिड यू ब्रिंग दॅट बुक आय डिडन्ट वाँट टू बी रेड टू आउट ऑफ अप फॉर?’

शेवटचे पाच बघा: टू, आउट, ऑफ, अप, फॉर. ‘टू’ हा ‘रेड टू’चा, वाचून दाखवणे. ‘आउट ऑफ’ पुस्तकाचं, त्यातून. ‘अप’ हा पार्टिकल, पार पहिल्या ‘ब्रिंग’चा, वर आणणे. ‘फॉर’ सगळ्यात पहिल्या ‘व्हॉट’चा, कशासाठी. मुलांना मराठी करायला सांगायचो. एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी उभी राहून म्हणाली, ‘मला ज्यातून वाचून दाखवलेलं नको होतं ते पुस्तक वर कशाला आणलंस?’ सगळं आलं, आणि शेवटी एकही शेपूट नाही. तेव्हा तास संपल्याची घंटाही झाली होती, पण पोरं हलली नाहीत.

नेवार्कचे_नाना

हे नातीला विचारून बघतो. कळलं नाही तर माझं, कळलं तर तिचं.

ओली_चिंच

सगळ्यांचे आभार. काल मेलचा जुना ‘पाठवलेले’ कप्पा उघडला आणि ‘टू मीट’ शोधलं. किती निघाले ते सांगत नाही. टीम लीडला आज चहाच्या वेळी ‘इट’ची युक्ती सांगितली. तिनं ती लगेच तिच्या वहीत लिहून घेतली (राइट डाउन!). मग म्हणाली, ‘आपण सगळ्या टीमसाठी एक सेशन घेऊ, पण हे इतर गोष्टींबरोबर कसं कोप अप करायचं बघू.’

मी चहा पिऊन टाकला.

हापूस_पेटी

सर, ते ‘गेट अराउंड टू’ परत एकदा समजावाल का? उदाहरणासकट.

पाटी_आणि_खडू

नातवाची परीक्षा आहे, सवड झाली की लिहितो. आय विल गेट अराउंड टू रायटिंग इट. घ्या, झालं.